पिशवीच्या आतलं सारवण

आपल्याकडं गर्भाशयाला कुणी गर्भाशय म्हणत नाही, ‘पिशवी’ म्हणतात. कन्नड घरांतही फायलीवर ‘गर्भकोश’ लिहिलेलं असलं, तरी बोलताना ‘गर्भचीला’. आणि चीला म्हणजे पिशवीच की! ‘पिशवी सुजली’, ‘पिशवी खाली आली’, ‘पिशवी साफ केली’, ‘पिशवी काढून टाकली.’ बाजारात न्यायची कापडी पिशवी असावी, उलटी करून झटकावी, धुऊन दोरीवर वाळत घालावी आणि पुन्हा वापरायला घ्यावी, असं काहीतरी चित्र या शब्दानं डोक्यात बसतं. दोन्ही भाषांनी मिळून हा शब्द निवडला असला तरी मला तो पटत नाही. पिशवीला आतून अस्तर असतं आणि ते अस्तर जिवंत असतं, हे त्या शब्दात कुठं येतच नाही.

मी डॉक्टर नव्हे. बेळगावात चौतीस वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काम केलं. सकाळी रक्त काढायचं, काचेवर त्याचा पातळ थर ओढायचा, लीशमनच्या रंगात बुडवायचा आणि तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजायच्या. शंभर पेशी मोजल्या की झाला डिफरन्शियल काउंट. न्यूट्रोफिल साठ-पासष्ट, लिम्फोसाइट तीसच्या आसपास, इओसिनोफिल तीन-चार, आणि मोनोसाइट दोन ते आठ. ते मशिनवर निघायला लागलं तरी संशय आला की काच बघावीच लागायची. रिपोर्ट हातात आला की डॉक्टर आधी न्यूट्रोफिल बघत. खोकला-खाज असेल तर इओसिनोफिल बघत. मोनोसाइट कुणी बघत नसे. खरं तर रक्तातली ती सगळ्यांत मोठी पेशी. आतलं केंद्रक घेवड्याच्या बीसारखं मुरडलेलं, भोवतीचा रंग धुरकट निळा. शंभरात चार म्हणून लिहायचं आणि पुढची काच घ्यायची. त्या चार पेशींचं काम आमच्या घरात इतकं महत्त्वाचं ठरेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमची सूनबाई धारवाडकडची. घरात ती मला ‘अत्ते’ म्हणते, नवऱ्याशी मराठीत बोलते आणि रागावली की कन्नडमध्ये. हे सगळं लिहायला तिनं परवानगी दिली आहे, एवढंच नव्हे तर दोन ठिकाणी सुधारणाही केल्या आहेत. २०२२ साली तिला दिवस गेले आणि दहाव्या आठवड्यात गर्भाची वाढ थांबल्याचं सोनोग्राफीत दिसलं. त्या वेळी दोघं नोकरीच्या गावी होती. तिथल्या एका नर्सिंग होममध्ये क्युरेटिंग केलं. तीन आठवडे झाले तरी रक्त थांबेना. आत काही तुकडे राहिलेत म्हणून पुन्हा क्युरेटिंग. दुसऱ्या वेळेला घरी सोडताना सांगितलं, ‘आता पिशवी एकदम स्वच्छ झाली.’

त्यानंतर तिची पाळी जवळजवळ गेलीच. महिन्याच्या महिन्याला ओटीपोटात कळा यायच्या, कंबर धरायची, पण अंगावर जायचं ते नुसता एखादा डाग. पहिल्या वेळी घरात सगळ्यांना वाटलं, पुन्हा दिवस गेले. चाचणी केली, तर नाही. मग कुणी अशक्तपणा म्हटलं, कुणी मनाला लागलंय म्हटलं. लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक यात आठ महिने गेले. विहीणबाई फार काळजीच्या. फोनवर मला म्हणाल्या, ‘अक्का, घाण आत अडकलीय. ती बाहेर पडली पाहिजे.’ त्यांनी सौंदत्तीच्या यल्लम्माला बोलून ठेवलं, शेजारणींनी पपई-तीळ-गूळ सुचवलं. हळदीकुंकवाला गेलं की मराठी बायका विचारायच्या, ‘काय गं, गोड बातमी?’ आणि कन्नड बायका विचारायच्या, ‘एनु विशेष?’ प्रश्न एकच. तिनं त्या वर्षी संक्रांतीनंतर कुठल्याच हळदीकुंकवाला जायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं.

विहीणबाईंच्या त्या ‘घाण’ शब्दापाशी मला जरा थांबायचं आहे. आपल्या दोन्ही भाषांत पाळीचं नाव स्पर्शावरून आलं आहे. कन्नडमध्ये ‘मुट्टु’, म्हणजे शिवणं. मराठीत ‘कावळा शिवला’. शिवल्यामुळं विटाळ, आणि विटाळ म्हणजे घाण, अशी ती साखळी. शिकलेल्या बायकांच्या तोंडीही ‘महिन्याची घाण निघून जाते’ हे वाक्य असतंच. मी लॅबमध्ये इतकी वर्षं ऐकत आले. पण पाळीत जे जातं ती घाण नव्हे, जुनं अस्तर आहे. आणि पाळीचे ते चार-पाच दिवस आत जे चाललेलं असतं, ती एका मोठ्या जखमेची मलमपट्टी असते.

हे समजावायला मला एकच उपमा सुचते, सारवणाची. आपल्या दोन्ही भाषांत शब्द जवळजवळ एकच आहे, आपण सारवतो आणि ते ‘सारिसु’ म्हणतात. जुन्या घराच्या जमिनीला खाली चोपणीनं चोपलेली घट्ट माती असते आणि वर शेणाचं सारवण. सारवण खराब झालं की पोपडे निघतात, ते झाडून काढायचे आणि पुन्हा सारवायचं. खालची चोपलेली जमीन शाबूत असेल तर वरचं सारवण शंभर वेळा नवं होतं. पण कुणी कुदळ घेऊन खालची जमीनच उकरली, तर त्यावर सारवण धरत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचे असेच दोन थर असतात. वरचा दर महिन्याला वाढतो आणि गळतो. पाळी संपते तेव्हा अस्तर जेमतेम दोन-चार मिलिमीटर असतं, पुढच्या दोन आठवड्यांत ते दहा मिलिमीटरच्या घरात जातं. खालचा थर पातळ आणि चिवट, तो गळत नाही. नवीन अस्तराचं बी-बियाणं त्यात असतं. एका बाईच्या आयुष्यात हे साधारण चारशे वेळा होतं.

हे प्रत्यक्ष घडताना बघितलं कुणी? बघितलं. अमेरिकेत मार्की नावाच्या शास्त्रज्ञानं माकडिणीच्या गर्भाशयातल्या अस्तराचे बारीक तुकडे तिच्याच डोळ्याच्या पुढच्या भागात, पारदर्शक पडद्याच्या मागं, रुजवले. ते तिथं धरले! मग डोळ्याच्या काचेतून, जणू खिडकीतून, त्यानं पाळीचं सगळं चक्र डोळ्यांनी पाहिलं. ते काम १९४० साली प्रसिद्ध झालं. वळ्यावळ्यांच्या बारीक रक्तवाहिन्या आधी आवळतात, वरच्या थराचा रक्तपुरवठा तुटतो, मग तो थर सुटतो. त्या माकडिणींचं काय झालं असेल याचा विचार मनात येतोच, पण आजही पाठ्यपुस्तकांत त्या प्रयोगाचा आधार घेतला जातो.

आता पांढऱ्या पेशींकडं येऊ. पाळीच्या आधी एका संप्रेरकाची, प्रोजेस्टेरॉनची, पातळी खाली येते. तो उतार लागला की अस्तरातून रक्तातल्या पेशींना बोलावणं जातं. पहिल्यांदा धावत येतात न्यूट्रोफिल. त्यांचं आयुष्य थोडं, काम झटपट. मोडकं अस्तर सोडवणारी पाचक द्रव्यं त्यांच्याकडं असतात. लोकांना वाटतं या पेशी फक्त जंतू मारतात आणि पू करतात. मेलबर्नच्या प्रयोगशाळेत २००७ साली उंदरांमध्ये पाळीसारखी स्थिती तयार करून न्यूट्रोफिल कमी केले, तर अस्तराची दुरुस्तीच मागं पडली. म्हणजे पाडणारे आणि बांधणारे वेगळे नव्हेत. पाडकाम नीट झाल्याखेरीज बांधकाम उभं राहत नाही, हे कुठल्याही गवंड्याला विचारा.

त्यांच्या मागोमाग येतात माझे शंभरातले चार, मोनोसाइट. रक्तात ते एक-दोन दिवस फिरतात, मग रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून जखमेत उतरतात आणि तिथं त्यांचं रूप पालटतं. त्या रूपाला मॅक्रोफेज म्हणतात, आपण महाभक्षक पेशी म्हणू. या भक्षक पेशींचा शोधही गमतीचा आहे. १८८२ साली मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ इटलीत मेसिना इथं समुद्रकाठी राहत होता. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात त्यानं बागेतल्या झाडाचे काटे टोचून ठेवले. सकाळी उठून बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! १९०८ साली त्याला नोबेल मिळालं, पॉल एर्लिक यांच्याबरोबर विभागून.

मॅक्रोफेज आधी झाडलोट करतात. मेलेल्या पेशी, सांडलेलं रक्त, काम संपवून पडलेले न्यूट्रोफिल, सगळं खाऊन टाकतात. हे खाणं सुरू असतानाच त्यांचा स्वभाव बदलायला लागतो. झाडणारेच हळूहळू सारवणारे होतात. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून, पेशींनी वाढावं म्हणून ते रासायनिक निरोप धाडतात. त्यांच्याबरोबर लिम्फोसाइटांतली एक शांत जात असते, तिला नियामक टी पेशी म्हणतात. तिचं काम ‘आता पुरे’ म्हणणं. पाळीचं रक्त अजून जातच असतं, दुसरा-तिसरा दिवस असतो, आणि आत उघड्या पडलेल्या जागेवर नवा थर चढायला लागलेला असतो. पाचव्या-सहाव्या दिवशी जमीन झाकलेली असते. रक्तपुरवठा तुटल्यामुळं प्राणवायू कमी पडतो, तोसुद्धा दुरुस्तीला चालना देतो, असं एडिंबरोच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं. गर्भाशयात आणखी एक पांढरी पेशी असते, तिचं नाव ‘नॅचरल किलर’. नाव ऐकून भीती वाटते, पण गर्भाशयातल्या या किलर बाया फारसं कुणाला मारत नाहीत. गर्भ रुजताना त्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. नाव ठेवणाऱ्यानं जरा थांबायला हवं होतं.

आणि या सगळ्याचं नवल कशात आहे? व्रण राहत नाही! गुडघा फुटला, भाजलं, टाके पडले, की कातडीवर खूण उरते. कन्नडमध्ये व्रणाला ‘कले’ म्हणतात आणि कलेलाही ‘कले’च म्हणतात. आमची सूनबाई यावर हसते. तोंडाच्या आतली जखम बरीचशी खुणेविना भरते, पण दर महिन्याला एवढी मोठी जखम होऊन चारशे वेळा ती व्रणाशिवाय भरून येणं, हे मोठ्या माणसाच्या शरीरात दुसरीकडं कुठं होत नाही. नेहमीच्या उंदरांना पाळी येत नाही, म्हणून शास्त्रज्ञांना ती औषधं देऊन आणावी लागते. २०१७ साली ऑस्ट्रेलियात कळलं की काटेरी अंगाच्या एका जातीच्या उंदरीला आपोआप पाळी येते. त्याच कुळातल्या आफ्रिकेतल्या उंदरांची कातडीसुद्धा व्रणाशिवाय भरून येते, हे २०१२ सालीच दिसलं होतं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे शोधायला आता लोक त्या उंदरांच्या मागं लागलेत.

मग व्रण केव्हा राहतो? इथं वेळेचा प्रश्न येतो. जर्मनीत २०१० साली उंदरांच्या कातडीच्या जखमेवर एक प्रयोग झाला. मॅक्रोफेज वेगवेगळ्या टप्प्यांवर काढून टाकले. सुरुवातीला काढले तर जखम भरायलाच उशीर लागला, पण व्रण कमी झाला. मधल्या टप्प्यात काढले तर कोवळ्या रक्तवाहिन्या फुटून रक्तस्राव झाला. शेवटच्या टप्प्यात काढले तर फारसा फरक पडला नाही. एकच पेशी, पण ती कधी काय करते यावर सगळं. दुरुस्तीसाठी ती जो एक निरोप धाडते, तोच निरोप जास्त दिवस चालू राहिला तर दोऱ्यांसारखे तंतू साठायला लागतात. हे तंतू म्हणजे व्रण. सारवणारी बाई हातातला बोळा खाली ठेवायलाच तयार नाही, थरावर थर, आणि शेवटी अंगण दगडासारखं, तसं काहीसं.

गर्भाशयात हे कसं घडतं ते सूनबाईच्या बाबतीत आम्हाला कळलं. गर्भार असताना किंवा गर्भ पडल्यानंतर गर्भाशय मऊ असतं. त्या वेळी धारदार क्युरेटनं खरवडलं की वरच्या थराबरोबर खालचा थरही निघून येऊ शकतो. एकदा खरवडून तीन आठवड्यांनी पुन्हा खरवडलं, तर तो धोका वाढतो. जमीनच उकरली गेली. आत तुकडे राहिलेले, सूज आलेली, भक्षक पेशींना झाडलोट संपवायला सवड नाही. त्यात गर्भाशयाच्या पुढच्या आणि मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. दोन ओल्या जखमा एकमेकींना लागून राहिल्या की त्या चिकटतात. मग कळा येतात, पण रक्त येत नाही. काही ठिकाणी अस्तरच नसतं, काही ठिकाणी असतं पण वाट बंद असते.

याला अ‍ॅशरमन सिंड्रोम म्हणतात. जर्मनीत हाइनरिश फ्रिच यांनी १८९४ साली अशी एक रुग्ण नोंदवली होती. जोसेफ अ‍ॅशरमन या डॉक्टरांनी १९४८ साली अशा २९ बायकांची हकीकत मांडली, म्हणून नाव त्यांचं. म्हणजे हे दुखणं काही आजचं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ सालीच सांगून ठेवलं आहे की धारदार क्युरेटनं खरवडण्याची पद्धत बंद करून त्याऐवजी हवेच्या दाबानं ओढून घेणारी नळी किंवा गोळ्या वापराव्यात. नळीनंही कधी कधी इजा होते, पण कमी. प्रत्येक क्युरेटिंगनंतर असं होतं असं नाही, बहुतेक बायकांचं अस्तर छान भरून येतं. मात्र क्युरेटिंगनंतर पाळी फारच कमी झाली किंवा आलीच नाही आणि महिन्याला कळा येतात, तर टॉनिक पीत बसू नये. ‘आतून दुर्बिणीनं बघायला हवं का?’ असं डॉक्टरांना सरळ विचारावं. नियमित सोनोग्राफीत चिकटलेलं नेहमी दिसतंच असं नाही. सूनबाईच्या सोनोग्राफीत पाळीच्या मध्यावर अस्तर चार मिलिमीटर दिसलं होतं आणि रिपोर्टवर तेवढाच आकडा होता, त्यापुढं काही नाही.

आपल्या देशात आणखी एक कारण असतं आणि ते तपासल्याखेरीज पुढं जाता येत नाही. टीबी. छातीचा टीबी सगळ्यांना माहीत असतो, पण गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबी खोकत नाही, ताप देत नाही, बाईला कळतही नाही. तिथंही हेच मॅक्रोफेज असतात. जंतू खातात, पण पचवू शकत नाहीत, मग त्याच्याभोवती गोळा होऊन भिंत बांधतात. ती भिंत आणि तो व्रण अस्तर खाऊन टाकतो. माझ्या नोकरीत अस्तराच्या तुकड्यांत टीबीचे लाल जंतू शोधायला मी तासन्‌तास डोळे लावून बसले आहे. क्वचितच सापडत. त्यामुळं ‘जंतू दिसले नाहीत’ याचा अर्थ ‘टीबी नाही’ असा होत नाही, म्हणून आता दोन-तीन प्रकारच्या तपासण्या मिळून ठरवतात. सूनबाईचे सगळे रिपोर्ट निर्मळ आले. विहीणबाईंनी त्या दिवशी देवापुढं नारळ फोडला. मीही हात जोडले, का नाही?

२०२३ साली दुर्बीण घातली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. मला सवय होती, मुलगा मात्र खुर्चीत मागं सरकला. फिकट गुलाबी भिंती आणि मधे पांढरे पडदे, कोळ्याच्या जाळ्यासारखे नव्हे, अधिक जाड, फणसाच्या चारखंडांसारखे. बारीक कात्रीनं ते कापले. विजेनं जाळले नाहीत, कारण उष्णतेनं उरलंसुरलं अस्तरही दुखावतं, असं त्या म्हणाल्या. भिंती पुन्हा टेकू नयेत म्हणून आत काही दिवस छोटा फुगा ठेवला. इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या, म्हणजे खालच्या थरात जे काही बियाणं शिल्लक आहे त्यानं अंग धरावं. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून नव्यानं चिकटलेलं थोडं सोडवलं. गंभीर दुखण्यात पुन्हा चिकटण्याचं प्रमाण बरंच असतं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मला ते बरं वाटलं. आश्वासनांपेक्षा असं बोलणारा माणूस बरा.

या काळात सूनबाई रोज मला काहीतरी विचारायची. ‘अत्ते, ते मॅक्रोफेज माझे वाईट आहेत का?’ हा तिचा पहिला प्रश्न होता. तिच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं की तिची प्रतिकारशक्तीच तिच्या गर्भाला खाते. मी तिला जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्याच रक्ताची काच लावून दाखवली. मोनोसाइट दोन सापडले. ‘हे बघ, तुझेच. वाईट काही नाही. यांना काम नीट करू दिलं नाही, एवढंच.’ तिनं बराच वेळ डोळा लावून ठेवला. मग म्हणाली, ‘अवरेकाळाच्या बीसारखं दिसतंय.’ आणि खरंच, घेवड्यापेक्षा अवरेकाळू म्हटलेलं जास्त बरोबर आहे.

अशा घरांना गाठणारे विक्रेतेही असतात. रक्तातल्या किलर पेशी मोजायची महागडी तपासणी करा, मग त्या दाबायची सलाईनं घ्या, असं कुणीतरी सुचवतंच. रक्तातल्या किलर पेशी आणि गर्भाशयातल्या किलर पेशी वेगळ्या, एकीचा आकडा बघून दुसरीबद्दल काही सांगता येत नाही, आणि अशा तपासणी-उपचारांना पुरेसा आधार नाही असंच तज्ज्ञांच्या संस्था सांगतात. मूळपेशींचं मात्र निराळं आहे. २००४ साली अमेरिकेत एक नवलाची गोष्ट दिसली. दुसऱ्याचा अस्थिमज्जा घेतलेल्या चार बायकांच्या गर्भाशयाच्या अस्तरात दात्याच्या पेशी सापडल्या. म्हणजे हाडांच्या आतून निघालेल्या पेशी अस्तरापर्यंत पोचतात तर! त्यावरून बाईच्याच मज्जेतल्या पेशी अस्तराकडं पाठवून बघायचे प्रयत्न झाले. अहमदाबादच्या डॉक्टरांनी २०११ साली गंभीर अ‍ॅशरमन असलेल्या एका रुग्णाला त्यानंतर दिवस गेल्याचं प्रसिद्ध केलं. स्पेनमध्ये २०१६ साली १८ बायकांवर अभ्यास झाला. आशा वाटावी असे निकाल आहेत, पण एक आणि अठरा हे आकडे लहान आहेत. त्यावर कुणी पॅकेज विकत असेल तर पैसे काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारावं. २०२३ साली अशा बायकांच्या अस्तरातली पेशीन्‌पेशी वेगळी करून तपासली गेली, तेव्हा तिथं तंतू वाढवणारे निरोप जास्त आणि रक्तवाहिन्या फुटवणारे कमी दिसले. औषध अजून यायचं आहे, पण ते कुठं लागू पडायला हवं ती जागा तरी दिसायला लागली.

सूनबाईला आता तीन दिवस पाळी येते. गेल्या सोनोग्राफीत अस्तर साडेसहा होतं. सात झालं तर बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात, पण साडेसहावरही दिवस गेलेल्या बायका त्यांनी पाहिल्या आहेत. पुढं दिवस गेलेच, तर वार नीट सुटते की नाही याकडं जास्त लक्ष द्यावं लागेल, हेही त्यांनी मुलाला आणि तिला समोर बसवून सांगितलं. मूल होईल का? सांगता येत नाही. दोघांनी दत्तकाची माहितीही काढून ठेवली आहे, आणि ती कपाटात लपवून नव्हे, टेबलावर ठेवली आहे.

मार्चमध्ये विहीणबाई चार दिवस राहायला आल्या होत्या. यल्लम्माचं बोलणं फेडायचं होतं म्हणून मीही त्यांच्याबरोबर सौंदत्तीला जाऊन आले. परत येताना बसमध्ये त्यांनी मला सारवणाची गोष्ट पुन्हा सांगायला लावली, ती ऐकून म्हणाल्या, ‘मग हे आधी कुणी का सांगत नाही, अक्का? आमच्या आईला माहीत नव्हतं, मला नव्हतं.’ त्यांच्या धाकट्या बहिणीची पाळी बाळंतपणानंतर अशीच गेली होती आणि तिला सगळे ‘लवकर म्हातारी झाली’ म्हणत, हे त्यांना तेव्हाच आठवलं. यरगट्टी मागं गेली तरी त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

आता त्यांचा दर महिन्याला लेकीला फोन येतो. पूर्वी ‘एनु विशेष?’ म्हणून सुरुवात व्हायची. परवा फोन स्पीकरवर होता, ह्यांचा पेपर वाचून व्हायचा होता, मुलगा डबा भरत होता, आणि विहीणबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘मुट्टु सरियागि बंतेनु?’ पाळी नीट आली का? सूनबाईनं पोळी उलथता उलथता सांगितलं, ‘हूं अव्वा, मूरु दिवस.’